चार बावन्नची गाडी

ताशी सतरा डॉलर आणि हातात एक टिकटिक्या.
चढणारा माणूस : एक टिक.
आठ दिवस मोजायचं, मंडळाला आकडा द्यायचा,
मग ते ठरवणार
खोऱ्यातल्या बसला पहाटे आणखी एक फेरी परवडते का.

डॉबीच्या थांब्यावर उणे चौदा.
कोलोरॅडोचे डोंगर, आहेत म्हणतात म्हणून आहेत,
एवढा अंधार.
एदुविहेस पहिली. पिशवीत डबा आणि जास्तीचे बूट :
पायातले बर्फाचे, पिशवीतले हॉटेलच्या गालिच्यांचे.
टिक.
ओस्बाल्दो, हातांना कालच्या क्लोरीनचा वास.
टिक.
मग कांदेलारियाबाई आणि त्यांची सून,
दोघींत मिळून हातमोज्यांची एकच जोडी,
उजवा हिच्या हातात, डावा तिच्या.
टिक, टिक.

वर अ‍ॅस्टरला लोक घसरायला येतात,
पैसे मोजून घसरतात.
त्यांच्या चादरी ताणायला, अंडी फोडायला,
ते उठायच्या आत अंगणातला बर्फ नाहीसा करायला
माणसं येतात खालून, साठ किलोमीटर.
वर राहायचं तर पगार भाड्याच्या घशात
आणि घसा तरीही कोरडाच.

वेन्डेल गाडी चालवतो. कोण कुठे उतरतं, त्याला पाठ.
झोपलेल्याला तो हाक मारत नाही,
त्याच्या थांब्याअलीकडच्या वळणावर
ब्रेक जरासा जास्त दाबतो.
हे मी मोजलं नाही.
फॉर्मवर रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशी टॅनर क्रीकला गाडी थांबली नाही.
एक्केचाळीस बसलेले, एकोणीस दांडीला,
दारात पाय ठेवायला जागा नाही.
हेडलाइटमध्ये चार चेहरे आले, गेले.
एकानं हात वर केला होता.
तो त्यानं सावकाश खाली आणला आणि डोकं खाजवलं,
जणू त्यासाठीच उचलला होता.
माझा अंगठा टिकटिक्यावर तसाच.
जे चढलेच नाहीत त्यांना कुठे धरायचं?
पुढची गाडी सहा दहाची. त्यांची पाळी सव्वासहाची.

नवव्या दिवशी सुनावणी.
विषय : बससेवेत सुधारणा. जनतेचे स्वागत आहे.
वेळ संध्याकाळी सहा, स्थळ अ‍ॅस्टर नगरभवन.
खाली जाणारी शेवटची थेट गाडी सहा वीसची.
जनता आली. कोट अंगातच, पिशव्या मांडीवर.
अध्यक्षबाईंनी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला घेतलं.
सहा चौदाला सगळी जनता उठली,
खुर्च्या मागे सरकवल्या, एकही कुरकुरली नाही.
पाहुणे झोपलेले असताना काम करायची सवय.
एदुविहेस दाराशी थांबली. म्हणाली,
"बोलायचं होतं आम्हाला. पण गाडी आहे."
हे नोंदलं गेलं नाही. बससेवा विषय क्रमांक दोन,
अजून एकच चालू होता.

माझं नाव पुकारलं तेव्हा सात वाजून गेले होते.
मी आकडा सांगितला : चारशे त्र्याहत्तर.
खजिनदारानं लिहून घेतला, टोपण लावलं.
मग मी कोटाच्या खिशातले राजम्याचे दाणे टेबलावर ओतले.
चौथ्या दिवसापासून ठेवत होतो.
रस्त्यात राहिलेला माणूस, एक दाणा.
सदतीस.
त्यातला एक घरंगळत टेबलाखाली गेला
आणि खजिनदार, का कोण जाणे,
गुडघ्यांवर बसून तो शोधत राहिला.

मार्चपासून चार बावन्नच्या मागे पाच चारची सुटते.
बारा मिनिटं. बाकी काही बदललं नाही,
सुनावणी अजून सहालाच असते.

परवा मी तिच्यात बसलो, रिकाम्या हातानं.
टॅनर क्रीकला गाडी थांबली.
तो, हात वर करणारा, चढला,
आणि माझा अंगठा आपसूक हलला.
त्याला खिडकी मिळाली. काचेला डोकं टेकताच झोपला.
वळण आलं, गेलं,
ब्रेक लागला नाही.
गाडीवर नवी बाई आहे.
शिकेल.